परदेशी सबअवॉर्ड अडकला तेव्हा: एका सिकलसेल प्रस्तावाचे प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतील एक सरकारी विद्यापीठ आणि विदर्भात एका विश्वस्त संस्थेने चालवलेले ग्रामीण रुग्णालय यांनी मिळून केलेल्या अर्जाचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून संस्था, रकमा आणि काही बारकावे बदलले आहेत. नियम आणि त्यांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

विद्यापीठातील मुख्य संशोधिका रक्तविकारांवर काम करतात. त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे, म्हणजे एनआयएचकडे, आर-०१ या संशोधन-प्रकल्प अनुदानासाठी पाच वर्षांचा अर्ज करायचा होता. मुदत ५ जून २०२५. विषय सिकलसेल. विदर्भातल्या बहुतेक सिकलसेल रुग्णांत अरब-भारतीय हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारा जनुकीय बदलांचा संच) आढळतो आणि त्यांच्या रक्तात आजार सौम्य ठेवणारे गर्भ-हिमोग्लोबिन आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सहसा जास्त असते. तरीही तिथल्या कित्येक मुलांना आजार तीव्रच होतो. असे का, हा प्रश्न अमेरिकेतल्या रुग्णांवर सुटणार नाही, कारण हा हॅप्लोटाइप तिथे फारसा सापडत नाही.

प्रस्तावात तीन उद्दिष्टे होती. पहिले, रुग्णालयाच्या नोंदवहीतील रुग्णांच्या साठवलेल्या नमुन्यांवर जनुकीय तपासणी. हे काम विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. दुसरे, २४० बाळांचा जन्मापासून तीन वर्षे पाठपुरावा, दर तीन महिन्यांनी घरी जाऊन, हे विदर्भात. तिसरे, दोन्हींच्या माहितीवरून आजाराच्या तीव्रतेचे गणिती प्रारूप. प्रत्यक्ष खर्च वर्षाला ४,८५,००० डॉलर, त्यातले ९२,००० रुग्णालयाला सबअवॉर्ड म्हणून, म्हणजे विद्यापीठाच्या अनुदानातून दिलेले उप-अनुदान म्हणून, जायचे होते. वर्षाचा प्रत्यक्ष खर्च ५ लाख डॉलर किंवा त्याहून जास्त झाला तर एनआयएचची परवानगी तेव्हा किमान सहा आठवडे आधी मागावी लागत होती. आकडा मुद्दाम त्याखाली ठेवला होता.

वर्षाची सुरुवातच अस्थिर होती. २५ जानेवारीपासूनच्या मुदतींना परीक्षणाची नवी चौकट लागू झाली. ७ फेब्रुवारीला एनआयएचने अप्रत्यक्ष खर्च (इमारती, वीज, प्रशासन यांसाठी संस्थेला टक्केवारीने मिळणारी रक्कम) सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याची सूचना काढली. विद्यापीठाचा वाटाघाटीने ठरलेला दर ५४ टक्के होता. ज्या रकमेवर हा दर लागतो ती वर्षाला साधारण ३,४०,००० डॉलर धरली, तर १,८३,६०० ऐवजी ५१,००० मिळाले असते. बोस्टनच्या फेडरल न्यायालयाने या सूचनेला आधी तात्पुरती आणि ४ एप्रिलला कायमची मनाई केली. तोवर विद्यापीठाच्या अनुदान कार्यालयाने सगळ्या अर्जांत वाटाघाटीचाच दर ठेवायचे ठरवले. हा निर्णय बरोबर होता. पण दोन महिने सगळ्यांचे लक्ष या एकाच वादावर खिळले होते आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

अडचण

१ मे २०२५ रोजी नॉट-ओडी-२५-१०४ ही सूचना निघाली. आशय असा: मुख्य अनुदानाच्या पोटात परदेशी सबअवॉर्ड ठेवण्याची पद्धत एनआयएच बंद करत आहे. त्याऐवजी मुख्य अनुदानाशी जोडलेली, पण स्वतंत्र हिशेबाची परदेशी अनुदाने येतील, म्हणजे प्रत्येक संस्थेकडे गेलेला पैसा थेट दिसेल. ही रचना तयार होईपर्यंत परदेशी सबअवॉर्ड असलेले कोणतेही अनुदान, नवे असो वा चालू प्रकल्पाचे पुढच्या वर्षाचे, दिले जाणार नाही. नवी रचना ३० सप्टेंबरपर्यंत आणण्याचा मानस होता.

मुदतीला बरोबर ३५ दिवस उरले होते. विद्यापीठाची अंतर्गत मुदत कामाचे पाच दिवस आधी, म्हणजे २९ मे. शिवाय मध्ये २६ मेची सुट्टी.

रुग्णालयाची अडचण वेगळी आणि जास्त टोचणारी होती. बाळांच्या पाठपुराव्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या दोन आरोग्य कार्यकर्त्यांना रुग्णालयाने आधीच्या, संपत आलेल्या निधीतून धरून ठेवले होते. नव्या अनुदानातून त्यांचे पगार निघतील, असा शब्द तोंडी दिला गेला होता. आर-०१ पहिल्या अर्जात मिळणे किती अवघड असते हे ठाऊक असताना तो शब्द कुणी द्यायला नको होता.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय, अर्ज आहे तसाच पाठवायचा. जूनच्या फेरीचे परीक्षण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, सल्लागार परिषद जानेवारीत बसते आणि पैसे लवकरात लवकर एप्रिलमध्ये मिळतात. तोवर नवी रचना आली असेल, असा हिशेब. संशोधिकेचा कल इकडेच होता. विद्यापीठाच्या अनुदान अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की नवी रचना आली तर अर्जाचा साचाही बदलेल, आणि जुन्या साच्यातला अर्ज नव्यात आपोआप बसवून मिळेल असे सूचनेत कुठेच लिहिलेले नाही. उत्तम गुण मिळूनही अनुदान देता येत नाही, अशी अवस्था ओढवू शकते. एनआयएचच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना लगेच ईमेल गेली. उत्तर नऊ दिवसांनी आले आणि त्यात सूचनेचीच भाषा होती.

दुसरा पर्याय, सबअवॉर्डचे नाव बदलायचे. परदेशी सल्लागाराचे मानधन आणि परदेशी विक्रेत्याकडून घेतलेली साधने यांना सूचना लागू नव्हती. मग रुग्णालयाच्या डॉक्टरांना सल्लागार करावे आणि कार्यकर्त्यांचे पगार त्यांच्या मानधनात धरावेत, किंवा रुग्णालयाशी ‘नमुना गोळा करण्याची सेवा’ असा करार करावा, अशी कल्पना पुढे आली. ती कुणी वाईट हेतूने मांडली नव्हती. अनुदान अधिकाऱ्यांनी मात्र ती त्याच बैठकीत बाजूला ठेवली आणि त्यांचे कारण प्रत्येक संशोधकाने समजून घ्यावे असे आहे.

अमेरिकेच्या फेडरल अनुदान-नियमांतले २ सीएफआर २००.३३१ हे कलम कराराच्या मथळ्याकडे बघत नाही, नात्याच्या स्वरूपाकडे बघते. समोरची संस्था कोण पात्र हे ठरवते का, संशोधनाचे निर्णय घेते का, तिचे काम प्रकल्पाच्या उद्दिष्टांवर मोजले जाते का? तसे असेल तर ती उप-अनुदानधारक. तीच सेवा ती नेहमीच्या व्यवसायात अनेकांना विकते का, इतरांशी स्पर्धेत असते का, तिचे काम प्रकल्पाला केवळ पूरक आहे का? तर ती कंत्राटदार. इथे बाळांची निवड, पालकांची संमती, पाठपुरावा आणि कोणते बाळ दाखल करायचे हा निर्णय, सगळे रुग्णालयाचे. लेखापरीक्षणात हा खर्च नामंजूर झाला असता आणि विद्यापीठाला पैसे परत करावे लागले असते. भारतातही प्रश्न होताच. रुग्णालयाची परदेशी मदत एफसीआरए (परदेशी देणग्यांविषयीचा भारतीय कायदा) नोंदणीवर, नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच येते. मदत म्हणून येणारा पैसा सेवाशुल्क म्हणून दाखवला की उद्या विश्वस्तांना उत्तर द्यावे लागते, आणि ती नोंदणी गेली तर रुग्णालयाची बाकी कामेही थांबतात.

तिसरा पर्याय, रुग्णालयानेच थेट एनआयएचकडे अर्ज करायचा. थेट परदेशी अर्जांना सूचनेने हात लावला नव्हता. पण त्यासाठी लागणारी सॅम नोंदणी, म्हणजे अमेरिकी सरकारकडून थेट अनुदान घेणाऱ्या संस्थांची नोंदणी, रुग्णालयाकडे नव्हती आणि पाच आठवड्यांत ती होणे शक्य नव्हते.

चौथा पर्याय, पैसा सीमेपलीकडे न पाठवता जेवढे विज्ञान उरते तेवढ्याचा अर्ज करायचा. म्हणजे पहिले आणि तिसरे उद्दिष्ट. रुग्णालयाचा सहभाग तरीही ‘परदेशी घटक’ ठरतो. प्रकल्पाचा महत्त्वाचा वैज्ञानिक भाग अमेरिकेबाहेर होत असेल तर अनुदानाचा एक डॉलरही तिकडे खर्च झाला नाही तरी तो जाहीर करावाच लागतो.

पाचवा, जून सोडून ऑक्टोबरची मुदत धरायची.

निर्णय

९ मे रोजी चौथा पर्याय ठरला, आणि त्याबरोबर एक जास्तीची गोष्ट: रुग्णालयाची सॅम नोंदणी त्याच आठवड्यात सुरू करायची. सबअवॉर्ड घेणाऱ्या संस्थेला फक्त यूईआय हा ओळख क्रमांक पुरतो, पूर्ण नोंदणी लागत नाही, म्हणून आजवर कुणी ती केली नव्हती. सूचनेत ‘स्वतंत्र, पण जोडलेली अनुदाने’ असे शब्द होते. स्वतंत्र अनुदान घ्यायचे तर पूर्ण नोंदणी लागणार, हा अधिकाऱ्यांचा अंदाज. तेव्हा तो निव्वळ तर्क होता. या प्रकरणातला सर्वात मोलाचा निर्णय हाच ठरला.

दुसरे उद्दिष्ट नंतरच्या अर्जासाठी राखताना एक खबरदारी घेतली. एकाच वेळी परीक्षणात असलेले दोन अर्ज फार सारखे असतील तर एनआयएच दुसरा स्वीकारत नाही. म्हणून जूनच्या अर्जात बाळांच्या पाठपुराव्याचा उल्लेख ‘पुढचे काम’ म्हणून दोन ओळींतच ठेवला.

३५ दिवसांत काय केले

अंदाजपत्रकातून सबअवॉर्ड आणि क्षेत्रकामाशी जोडलेला खर्च वगळल्यावर प्रत्यक्ष खर्च ३,६०,००० डॉलरवर आला. विद्यापीठाचे अप्रत्यक्ष उत्पन्न बरेच बुडेल अशी विभागाला भीती होती. सबअवॉर्डमुळे होणारे नुकसान प्रत्यक्षात थोडे होते. प्रत्येक सबअवॉर्डच्या फक्त पहिल्या २५,००० डॉलरवर अप्रत्यक्ष दर लागतो, तोही संपूर्ण प्रकल्पात एकदाच. म्हणजे पाच वर्षांत १३,५०० डॉलर. १ ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा ५०,००० झाली आहे, पण या विद्यापीठाचा नवा दर-करार झाला नव्हता, म्हणून जुनीच लागू होती. दोन्ही आकडे एकाच कार्यालयातल्या वेगवेगळ्या तक्त्यांत सापडले. ते वेळीच जुळवले गेले.

अर्जातल्या सहाव्या प्रश्नाला, म्हणजे अमेरिकेबाहेर काम किंवा परदेशी सहकारी आहेत का याला, ‘हो’ लिहिले, भारताचे नाव दिले आणि परदेशी सहभागाचे समर्थन जोडले. पहिल्या मसुद्यात ते ‘दीर्घ सहकार्य’ आणि ‘कमी खर्च’ यांवर उभे होते. हे मुद्दे चालत नाहीत. अमेरिकेत सहज न मिळणारे रुग्ण, साधने किंवा परिस्थिती तिथे आहे, हे दाखवावे लागते. हॅप्लोटाइपचा मुद्दा पहिल्या वाक्यात आणल्यावर ते पान भक्कम झाले.

रुग्णालयाने कोडबद्ध नमुने द्यायचे आणि त्या कोडची किल्ली स्वतःकडेच ठेवायची, असे ठरले. भारतातून नमुने पाठवण्याआधी आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ती अर्जावेळी लागत नसली तरी पहिले वर्ष तिच्यात निघून जाऊ शकते. म्हणून कामाच्या वेळापत्रकात पहिले नऊ महिने आधीच विद्यापीठात असलेल्या नमुन्यांना दिले.

संशोधिकेच्या बायोस्केचमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या परिचयपत्रात, एक चूक २० मेच्या अंतर्गत तपासणीत सापडली. पुण्यातल्या एका संस्थेत त्या मानद अभ्यागत प्राध्यापक होत्या. पगार नाही, वर्षातून एक-दोन व्याख्याने, म्हणून लिहिले नव्हते. एनआयएचला सगळी पदे हवी असतात, देशातली आणि परदेशातली, पगारी आणि बिनपगारी, ऐच्छिकसुद्धा. असे पद असण्यात काहीच गैर नाही. ‘घातक परदेशी प्रतिभा-भरती कार्यक्रमां’विषयीचा कायदा चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया यांच्याशी निगडित आहे, भारताशी नाही. गैर ठरते ते न लिहिणे. भारतातून गेलेल्या कितीतरी संशोधकांकडे अशी मानद पदे आहेत आणि ती आपुलकीने स्वीकारलेली असल्यामुळे ‘नोकरी’ म्हणून आठवतच नाहीत. संशोधन-नीतीच्या चौकशीत मात्र हाच गाळलेला मजकूर पुढे येतो.

रुग्णालयाच्या डॉक्टरांना कोणत्या भूमिकेत दाखवायचे, यावर दोन दिवस गेले. प्रमुख व्यक्ती म्हणून दाखवले तर मोजता येणारा वेळ लिहावा लागतो. ‘शून्य’ किंवा ‘गरजेप्रमाणे’ चालत नाही. बिनपैशाचा वेळ कबूल करायला रुग्णालय तयार नव्हते. मग त्यांना ‘इतर महत्त्वाचे सहभागी’ केले, ज्यात वेळेचे प्रमाण द्यावे लागत नाही.

२ जूनला अर्ज पाठवला. प्रणालीने एक चूक आणि तीन इशारे दाखवले. चूक अशी की डॉक्टरांचे ईआरए कॉमन्सचे (एनआयएचची ऑनलाइन अर्ज-प्रणाली) वापरकर्तानाव रकान्यात नव्हते. २५ जानेवारी २०२२ पासून या यादीतल्या प्रत्येकाला ते लागते आणि त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. त्यांचे खाते विद्यापीठामार्फत उघडले, पण पहिल्या प्रवेशाचा दुवा त्यांच्या स्पॅम फोल्डरमध्ये पडला होता. तिकडे रात्र, इकडे सकाळ. ३ जूनला दुरुस्त अर्ज गेला. पाठवल्यावर अर्ज तपासायला कामाचे दोन दिवस मिळतात, पण ते मुदत ओलांडून गेले तर दुरुस्ती उशिराची धरली जाते. शेवटच्या दिवशी पाठवले असते तर हा अर्ज हुकला असता.

सॅमचे काम समांतर चालू होते. अमेरिकेबाहेरच्या संस्थेला आधी एनकेज हा संस्था-ओळख कोड घ्यावा लागतो, मग सॅम. दोन्हीकडे नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा हवा. विश्वस्त संस्थेचे नोंदणीतले नाव आणि रुग्णालयाचे नाव वेगळे होते. एका कागदावर ‘तालुका’ पूर्ण लिहिलेला, दुसऱ्यावर ‘ता.’, गावाच्या नावाचे रोमन स्पेलिंग तीन प्रकारचे. पहिला प्रयत्न फेटाळला गेला. शेवटी न्यास नोंदणीच्या प्रमाणपत्रातले स्पेलिंग प्रमाण मानून बँक, वीजबिल आणि पॅन यांची पडताळणी केली. ऑगस्टच्या मध्यात नोंदणी सक्रिय झाली. तीन महिने.

निकाल

१२ सप्टेंबर २०२५ रोजी एनआयएचने आंतरराष्ट्रीय सहकार्यासाठी नवी अर्ज-रचना जाहीर केली, पीएफ-५ आणि यूएफ-५ या अनुदान-प्रकारांच्या कोडखाली. पैसे मागणाऱ्या परदेशी भागीदाराला पूर्ण नोंदणी लागणार हे त्यात स्पष्ट झाले. रुग्णालय त्या दिवशी तयार होते.

जूनच्या अर्जाचे परीक्षण १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर या काळात अमेरिकी सरकारचे कामकाज ठप्प असल्याने लांबले. बैठक नंतर झाली आणि गुण आले ४२. या मोजपट्टीवर १० सर्वोत्तम आणि ९० सर्वात वाईट. अनुदान मिळाले नाही.

परीक्षकांचे शेरे नव्या चौकटीप्रमाणे होते. संशोधनाच्या महत्त्वाला तिघांनीही चांगले गुण दिले. काटेकोरपणा आणि व्यवहार्यता या घटकात गुण घसरले. नमुने कुणाच्या जबाबदारीवर आणि किती येतील, रुग्णालयाला काही मिळत नसताना ते पाच वर्षे का देत राहील, हा आक्षेप. कौशल्य आणि साधने या तिसऱ्या घटकाला अंक नसतात, पण तिथे एकाने ‘उणीव’ नोंदवली: भारतातील डॉक्टरांची बांधिलकी स्पष्ट नाही.

आक्षेप न्याय्य होते. नियमांतून सुटण्यासाठी निवडलेली सर्वात निर्धोक भूमिका, ‘इतर महत्त्वाचे सहभागी’, हीच विज्ञानाच्या बाजूने सर्वात कमकुवत ठरली.

दोन कार्यकर्त्यांपैकी एकीने सप्टेंबरात काम सोडले. दुसरीला रुग्णालयाने बाह्यरुग्ण विभागात घेतले.

कुठे वेगळे करता आले असते

डॉक्टरांची भूमिका. वर्षाला ०.६ महिने इतका वेळ रुग्णालयाने आपल्या खर्चाने कबूल केला असता आणि पत्रात दरवर्षी किती नमुने, कोणत्या तापमानात साठवलेले, कोणत्या महिन्यात पाठवणार हे आकड्यांत लिहिले असते, तर आक्षेपाचा निम्मा भाग उरला नसता. ते पत्र ‘आम्हाला सहकार्य करण्यात आनंद आहे’ एवढ्यावरच थांबले होते. वेळेचा खर्च रुग्णालयाला कसा परवडेल, याची चर्चा जानेवारीत व्हायला हवी होती. मे महिन्यात ती घाईची झाली आणि मागणीसारखी वाटली.

जानेवारीतच प्रत्येक उद्दिष्टाच्या तिन्ही बाजू एका तक्त्यात मांडता आल्या असत्या: पैसा कुठे जातो, माणसे कुठे आहेत, नमुने आणि माहिती कुठे जाते. या प्रस्तावात पैसा फक्त दुसऱ्या उद्दिष्टात बाहेर जात होता, पण तो तिन्ही उद्दिष्टांच्या अंदाजपत्रकात असा विणलेला होता की सोडवायला आठ दिवस गेले.

जून टाळून पूर्ण आराखडा नव्या रचनेत आणला असता तर? गटात यावर अजून दोन मते आहेत. आमचे मत असे की जूनचा अर्ज करणे योग्य होते. परीक्षकांचे शेरे हातात आले आणि पहिल्या उद्दिष्टाची पद्धत कसोटीला लागली. मात्र आर-०१ वरून पीएफ-५ कडे जाताना कोड बदलतो, म्हणून तो पुनःसादर अर्ज धरला जात नाही, नवाच ठरतो. शेऱ्यांना उत्तर देणारे एक पान त्यात जोडता येत नाही. सुधारलेला आर-०१ देण्यासाठी ३७ महिन्यांची मुदत आहे. दोन्ही वाटा एकदम धरल्या तर सारखेपणाचा नियम आड येतो. गटाने पीएफ-५ निवडले.

आता त्या अर्जाची तयारी चालू आहे. २५ जानेवारी २०२६ पासूनच्या मुदतींना बायोस्केच नव्या सामाईक नमुन्यात, सायएनसीव्ही या ऑनलाइन साधनातूनच करावा लागतो, ओआरसीआयडी हा संशोधक-ओळख क्रमांक जोडावा लागतो आणि त्यावरचे प्रमाणन ज्याचे त्यानेच करायचे असते, सहायकाला करता येत नाही. डॉक्टरांचे खाते यावेळी मुदतीच्या दहा आठवडे आधी उघडले. रुग्णालयाची सॅम नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. त्याची आठवण लेखापाल आणि एक विश्वस्त अशा दोघांच्या कॅलेंडरमध्ये जून महिन्यात लावली आहे. आणि गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांचे पद या अंदाजपत्रकात पहिल्या महिन्यापासून आहे, पण मंजुरीचे पत्र हातात येईपर्यंत त्याबद्दल कुणाशीही बोलायचे नाही, असे यावेळी बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवले आहे.